पोलिश ग्रामर शिकायचंय? आधी डोक्यातलं इंग्लिश बंद करा आणि सलाते-सलानाते आठवा

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला येऊन मला चार वर्षं झाली आणि त्यातलं पहिलं अख्खं वर्ष मी पोलिश उलट्या बाजूने शिकत होतो, हे आधीच सांगून टाकतो. क्लास संध्याकाळचा, पुस्तक इंग्लिशमधून, बाकावर शेजारी एक इंग्रज, एक आयरिश बाई आणि एक टेक्ससचा पोरगा. एक दिवस मॅडमनी फळ्यावर लिहिलं "यादे त्राम्वायेम", म्हणजे मी ट्रामने जातो, आणि मग अर्धा तास इंग्लिशमधून समजावत बसल्या की ट्राम हे इथे साधन आहे, म्हणून त्या शब्दाच्या शेवटी "एम" लागतं. इंग्रज घामाघूम. मी पण वहीत "इन्स्ट्रुमेंटल केस" लिहून तीनदा अंडरलाइन केलं, आणि घरी जाताना त्याच ट्राममध्ये उभं असताना डोक्यात ट्यूब पेटली, अरे ही तर तृतीया! ट्रामने. ने, ए, शी. शाळेत घोकून घोकून पाठ केली होती तीच.

आपली गोची अशी आहे की आपण सगळे पोलिश शिकतो ते इंग्लिशमधूनच, कारण पुस्तकं, ॲप, यूट्यूब सगळं इंग्लिशमध्ये. आणि ती पुस्तकं अशा माणसासाठी लिहिलेली असतात ज्याला टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा प्रश्नच आयुष्यात पडलेला नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती इंग्लिश बोलणाऱ्याला पोलिशसाठी ४४ आठवडे म्हणजे साधारण ११०० तास धरते. ठीक आहे, त्यांचं त्यांना. पण आपण त्यांच्या रडारडीत सामील व्हायचं काही कारण नाही, आपल्याकडे अर्धा माल घरातच पडलाय.

उच्चारांचं पटकन उरकतो. सी हे अक्षर पोलिशमध्ये चमच्यातला च, आणि सी-झेड जोडून आलं की चहातला च. मी खाली चमच्यातल्या च ला "त्स" लिहितोय, वाचताना गोंधळ नको म्हणून. डी-झेड म्हणजे "जातो" मधला ज. एलच्या पोटात काप मारलेला असला की तो एल नाही, सरळ व. त्यामुळे नकाशावर आपण जे शहर "लोड्झ" वाचतो ते प्रत्यक्षात "वुच" आहे. जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. देवनागरीत पोलिश शंभर टक्के बसत नाही, तेव्हा कान उघडे ठेवा, पण पुस्तकातल्या इंग्लिश स्पेलिंगपेक्षा देवनागरी बरी, हे माझं ठाम मत.

लिंगं तीन, आपल्यासारखीच. व्यंजनावर संपलं तर बहुतेक पुल्लिंगी, आ वर संपलं तर बहुतेक स्त्रीलिंगी, ओ किंवा ए वर संपलं तर नपुंसक. आपल्याकडे "आंबा" पुल्लिंगी आणि "भाषा" स्त्रीलिंगी, काही नियम आहे का? त्यामानाने पोलिश लोकांनी फार उपकार केलेत. अपवाद आहेत, "नोत्स" म्हणजे रात्र व्यंजनावर संपून पण बाईच, "कोलेगा" म्हणजे कलीग आ वर संपून पण बाप्या. एक खड्डा मात्र खास आपल्यासाठी खणलेला आहे. हा-ही-हे साठी पोलिशमध्ये आहे तेन, ता, तो. म्हणजे त्यांचं "तो" नपुंसकलिंगी! आपली जीभ "तो" म्हटलं की पुरुषाकडे जाते. मी कितीतरी महिने "तो दोम" म्हणायचो, घराला उद्देशून, आणि बरोबर आहे "तेन दोम", कारण त्यांचं घर पुल्लिंगी आहे. दुसरं म्हणजे शब्दाचं मराठी लिंग तिकडे नेऊ नका, खिडकी तिथे नपुंसक आणि पुस्तक तिथे स्त्रीलिंगी.

आता मेन विषय, विभक्ती. त्यांच्या सात. आपल्या शाळेतल्या आठ. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधन जशाच्या तशा, फक्त पंचमी वेगळी नाही, तिचं काम षष्ठीकडे दिलंय. म्हणजे क्राकुफ या शहराचं घ्या, "क्राकुफहून" म्हणायचं तर "स क्राकोवा", आणि "क्राकुफचा" म्हणायला पण तेच रूप, "क्राकोवा". पुस्तकात त्यांची पोलिश नावं असतील, "दोपेवन्याच", "म्येय्स्त्सोव्निक" वगैरे, ती पाठ करा किंवा करू नका, वहीत शेजारी मराठी नाव लिहा म्हणजे झालं. माझी पूर्ण वही अशी आहे, मॅडम विचारायच्या हे काय लिहितोस.

कुठून सुरू करायचं? पुस्तक द्वितीयेपासून सुरू करतं, मी म्हणतो तृतीयेपासून करा, कारण तिचे प्रत्यय सगळ्यात सरळ आहेत आणि ते शिकायला वहीसुद्धा लागत नाही, भूक लागते. इथे "बार म्लेच्नि" नावाची स्वस्तातली खानावळ असते, नावाचा अर्थ दुधाचा बार, भिंतीवर मोठा फलक, आणि त्यावर प्येरोगि. प्येरोगि म्हणजे उकडलेल्या करंज्या समजा, गोड असतील तर आपल्या मोदकाच्या चुलत घराण्यातल्या. आणि फलकावर प्रत्येक प्येरोगिच्या पुढे लिहिलेलं असतं आत काय भरलंय, "सोबत" अशा अर्थाने "झ" आणि पुढे तृतीया (पुढे क, त, स आलं की हा झ "स" असा ऐकू येतो). "झ म्येंसेम", मांसाचे. मांस म्हणजे "म्येंसो", नपुंसक, तृतीयेत "एम". "स सेरेम", चीजचे, सेर पुल्लिंगी, पुन्हा "एम". "स कापुस्तॉं", कोबीचे, कापुस्ता स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी नाकातला "ऑं". "झ ग्झिबामि", मश्रूमचे, अनेकवचन, म्हणून "आमि". "झ यागोदामि", बेरीचे, परत "आमि". झाली की तृतीया! एम, एम, ऑं, आमि. मी हा फलक फोनवर फोटो काढून ठेवला होता आणि परीक्षेच्या आधी तोच बघून गेलो.

मग तेच सगळीकडे लावायचं. बसने "आउतोबुसेम", ट्रेनने "पोच्यॉन्ग्येम", दुधाची कॉफी "कावा झ म्लेक्येम". आणि एक जागा जिथे मराठी मदत करत नाही, ती म्हणजे मी अमुक आहे. "मी इंजिनियर आहे" याला पोलिशमध्ये पण तृतीया लागते, "येस्तेम इन्झिन्येरेम", म्हणजे शब्दशः मी इंजिनियरने आहे. का, कशाला, विचारू नका. लागते.

द्वितीया त्यानंतर. खानावळीत काउंटरवर "पोप्रोशे" म्हणजे "द्या प्लीज" आणि पुढे द्वितीया. चांगली बातमी ही की एकवचनात निर्जीव पुल्लिंगी आणि नपुंसक शब्दांना काहीच होत नाही, फक्त आ वाल्या बायका बदलतात, कावा चं कावे, हेर्बाता चं हेर्बाते. आणि इथे एक गोष्ट आहे जी समजायला त्या टेक्ससच्या पोराला दोन आठवडे लागले आणि मला दोन मिनिटं. पुल्लिंगी शब्द सजीव असेल तर द्वितीयेत बदलतो, निर्जीव असेल तर नाही. "विद्झे स्तुव", टेबल बघतोय. "विद्झे प्सा", कुत्र्याला बघतोय. आता हे मराठीतच वाचा की परत. टेबल बघतोय, कुत्र्याला बघतोय. टेबलाला बघतोय असं आपण म्हणतो का? म्हटलं तर आई विचारेल बरा आहेस ना. तर हा नियम तुम्हाला आधीच येतो, फक्त प्रत्यय नवा आहे. गंमत म्हणजे पोलिश लोक बोलताना टोमॅटो, केळं, एसेमेस आणि डॉलर यांच्यात पण जीव आहे असं धरून चालतात, "येम पोमिदोरा", टोमॅटोला खातोय.

षष्ठीला वेळ द्या. महिना द्या, कारण ही बाई सगळीकडे आहे. मालकी तर आहेच, "दोम ब्राता" म्हणजे भावाचं घर (ब्रात म्हणजे भाऊ, भ्राता आठवा), आणि इथे आपल्यापेक्षा सोपं आहे, कारण आपलं चा-ची-चे मालाप्रमाणे बदलतं, त्यांचं नाही, घर असो पुस्तक असो, "ब्राता" तो "ब्राता". फक्त क्रम उलटा, आधी घर मग भावाचं. याचा सराव फुकटात होतो, रस्त्यावरच्या पाट्या वाचत चला. रस्ते बहुतेक कुणाच्या तरी नावाचे, म्हणजे पाटीवर नाव षष्ठीत. कवी मित्सक्येविच, पाटीवर "मित्सक्येविचा". कवी स्वोवात्स्कि, पाटीवर "स्वोवात्स्क्येगो". सेनानी कोश्च्युश्को, पाटीवर "कोश्च्युश्कि". ही तीन नावं जवळजवळ प्रत्येक गावात सापडतील आणि तिघांचा प्रत्यय वेगळा. वॉर्सोच्या विमानतळाचं नाव सुद्धा "शोपेना", म्हणजे संगीतकार शोपेनचा. मी सुरुवातीला समजायचो की कुणी शोपेना नावाच्या बाईंचा विमानतळ आहे.

षष्ठीचा दुसरा अवतार नकारात येतो. "माम कावे", माझ्याकडे कॉफी आहे. "न्ये माम कावि", नाहीये. वाक्यात नाही आलं की द्वितीयेची षष्ठी होते. दुकानात दूध संपलं तर "न्ये मा म्लेका". हे मराठीत नाही, तेव्हा घोकायचंच, पण जुनं मराठी म्हणून डोक्यात बसवा, "दुधाचा पत्ता नाही". मला त्या "चा" ने फार मदत केली. "बेस त्सुक्रु" म्हणजे बिनसाखरेचा, परत षष्ठी. (त्सुक्येर आणि साखर दोन्ही शर्करेपासूनच निघालेत, फक्त त्सुक्येर अरबस्तानातून फिरत फिरत गेलाय.)

तिसरा अवतार आकड्यांचा आणि हा रोज पैसे देताना भेटतो. झ्वोति हे इथलं चलन. एक झ्वोति. दोन, तीन, चार झ्वोते. पाचपासून झ्वोतिख, म्हणजे "पाच झ्वोतींचे". असं वाटेल की चला, पाचच्या पुढे सगळं झ्वोतिख. नाही. बावीस, तेवीस, चोवीसला परत झ्वोते, बत्तीसला पण झ्वोते, मात्र बारा, तेरा, चौदा झ्वोतिख आणि एकवीस पण झ्वोतिख. थोडक्यात शेवटी दोन-तीन-चार ऐकू आलं तर झ्वोते, बाकी झ्वोतिख. पोलिशमध्ये बारा हा वेगळाच शब्द आहे, त्याच्या शेवटी दोन ऐकू येत नाही, म्हणून कानाने गेलात तर चुकणार नाही. बाजारात भाजी घेताना दर वेळी बिलाचा आकडा मनात म्हणायचा, पंधरा दिवसात बसतं.

सप्तमी. इथे इंग्लिशवाले क्लास सोडून जातात. कारण मूळ शब्दच बदलतो. वार्शावा म्हणजे वॉर्सो, पण वॉर्सोत "व वार्शाव्ये". म्यास्तो म्हणजे शहर, पण शहरात "व म्येश्च्ये". रेंका म्हणजे हात, हातात "व रेंत्से". नोगा म्हणजे पाय, पायावर "ना नोद्झे". तो इंग्रज एकदा वैतागून म्हणाला की प्रत्यय लावा ना, शब्द कशाला मोडता? मी गप्प बसलो कारण मला तेव्हा मासा आठवला. मासा, माशाला. स चा श का झाला? पैसा, पैशाचा. आपण कधी विचारलं? शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे आणि दोन मार्क असायचे. म्यास्तोच्या स चा श होतो तो असाच. आणि मधला स्वर गळणं? प्येस म्हणजे कुत्रा, कुत्र्याचा "प्सा". वडील "ओय्च्येत्स", वडिलांचा "ओय्त्सा". आता म्हणा, माणूस, माणसाला. कापूस, कापसाचा. णू मधला ऊ कुठे गेला, पू मधला कुठे गेला, गेला तो गेला. तर सप्तमीचे नियम पाठ करण्याआधी दहा मराठी शब्द घ्या, त्यांना "ला" आणि "त" लावून कागदावर लिहा आणि बघा आपण स्वतः किती मोडतोड करतो. त्यानंतर पोलिशचा राग येत नाही.

गावांची नावं पण सुटत नाहीत, बाहेरचं गाव असलं तरी. सिंगापूरमध्ये म्हणजे "फ सिंगापुझे", मग आमच्या कोल्हापुरात म्हणजे "फ कोल्हापुझे". हे मी गंमत म्हणून बनवलेलं नाही, दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला साधारण ५००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यामुळे आमच्या गावाला पोलिश विभक्ती लागून बराच काळ झालाय. आणि आपला देश पोलिशमध्ये अनेकवचनी आहे, "इंद्ये", म्हणून भारतात "व इंद्याख". रेल्वेवाले मात्र शहाणे, स्टेशनवरची घोषणा "अमुक स्टेशनपासून तमुक स्टेशनपर्यंत" अशी करतात, विभक्ती फक्त स्टेशन या शब्दाला आणि गावाचं नाव कोरं. अडलात तर ही युक्ती तुम्ही पण वापरा.

चतुर्थी छोटी आहे पण आपल्यासाठी सोन्याची खाण. इंग्लिशमध्ये माणूस स्वतः थंड असतो. पोलिशमध्ये आणि मराठीत थंडी त्याला वाजते. "झिम्नो मि", मला थंडी वाजतेय. इंग्लिशवरून भाषांतर करून "येस्तेम झिम्नि" म्हणालात तर अर्थ होतो मी थंडगार आहे, म्हणजे प्रेत तरी किंवा निष्ठुर तरी, आणि उन्हाळ्यात उकडतंय याचं तसंच भाषांतर केलं तर त्याहून वाईट, ऑफिसात करू नका. "पोदोबा मि श्ये", मला आवडतं. "ख्त्से मि श्ये स्पाच", मला झोपावंसं वाटतंय, शब्दाला शब्द लागतो. एवढंच लक्षात ठेवा की त्यांचं "मि" म्हणजे आपलं "मला", मी नव्हे. मी म्हणजे "या", आणि तो "या" बहुतेक वेळा बोलतच नाहीत, क्रियापदावरून कळतं, आपण नाही का नुसतं "येतो हं" म्हणत.

आता क्रियापदं. भूतकाळात बाईमाणूस-बाप्यामाणूस वेगळं, मी होतो "बिवेम", मी होते "बिवाम". आपल्याला काही नवल नाही. पण सांभाळा, इथे मराठी पाय ओढते. आपण म्हणतो मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. पोलिशमध्ये ते कायम खाणाऱ्याप्रमाणे. मी एकदा शेजारच्या आजींना मोठ्या ऐटीत सांगितलं, पुस्तक विकत घेतलं, "कुपिवाम क्श्यॉन्श्के". पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी, माझ्या मराठी डोक्याने "घेतली" केलं, आणि आजी चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "कुपिवेम, बाळा, तू मुलगा आहेस." तेव्हापासून मी भूतकाळ बोलायच्या आधी मनात "मी गेलो" म्हणून घेतो, गेलो-आलो-बसलो या गटात मराठी क्रियापद माणसाप्रमाणे चालतं, सगळी पोलिश क्रियापदं त्याच गटात आहेत असं धरायचं.

आणि मग ती जोडी, जिला सगळे घाबरतात. बहुतेक क्रियापदं दोन-दोन असतात, एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या कामाचं, एक पुरं झालेल्या कामाचं. "चितावेम" वाचत होतो. "प्शेचितावेम" वाचून काढलं. ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं "रोबिवेम तेन रापोर्त", मला म्हणायचं होतं रिपोर्ट केला. मॅनेजर थांबला, बाकीचे थांबले, मग त्याने विचारलं, "आले झ्रोबिवेश?" पण केलास का? कारण मी म्हणालो होतो रिपोर्ट करत होतो. एका "झ" ने माझा अख्खा दिवस खाल्ला. मराठीत हेच काम टाकणं, काढणं, संपवणं करतात, खाऊन टाकलं, वाचून काढलं, आणि कुठल्या क्रियापदाला टाक लागतं नि कुठल्याला काढ, याचा नियम आपल्यालाही सांगता येणार नाही. तसंच तिकडे कुणाला झ, कुणाला ना, कुणाला प्शे, कुणाला वि. जोडीनेच पाठ करायचं, एकटं क्रियापद वहीत लिहायचंच नाही. पुऱ्या कामाच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो, त्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूप भविष्य सांगतं, "झ्रोब्ये" म्हणजे करेन. इंग्लिशवाले यावर डोकं आपटतात. आपण? "उद्या करून टाकतो." बोला आता.

जाणं मात्र आपल्याला अवघड जातं, कारण मराठीत चालत गेलो तरी गेलो आणि विमानाने गेलो तरी गेलो. पोलिशमध्ये पायी "इदे", गाडीने "यादे", उडत "लेत्से", आणि रोजचं जाणं असेल तर पायी "खोद्झे", गाडीने "येझ्जे". दिवाळीला घरी निघताना मी "इदे दो इंदी" म्हणालो तर कलीगने शांतपणे विचारलं, बूट चांगले आहेत ना?

आदरार्थी बोलण्यात तुम्ही नाहीच. समोरच्याला "पान" किंवा "पानि" म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी, "चि पान मा कार्ते?", पान कडे कार्ड आहे का. आपल्याकडे शिपाई साहेबांना तोंडावर विचारतो ना, "साहेब चहा घेणार का?", तोच सूर पकडा. डॉक्टरांना हाक मारताना संबोधन, "पान्ये दोक्तोझे". देवाला पण, "बोझे!", आपलं "देवा!", आणि हे दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

एक राहिलं, "स्फुय" म्हणजे आपला. तो आपल्या बायकोवर प्रेम करतो, "ओन कोखा स्फोयॉं झोने". इथे आपल्या ऐवजी त्याच्या म्हणजे "येगो" वापरलंत तर बायको तिसऱ्याच कुणाची तरी होते. इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच शब्द, म्हणून इंग्लिशवरून आलात की हमखास घोळ, मराठीवरून आलात की आपोआप बरोबर.

रोजचं काय करायचं विचाराल तर मी फार काही करत नव्हतो. एक मराठी वाक्य, तेच पोलिशमध्ये, आणि प्रत्येक नामाच्या डोक्यावर पेन्सिलने विभक्तीचा आकडा, १ ते ७ आणि संबोधनाला सं. दिवसाला पाच वाक्यं. रूप अडलं की विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात शब्द टाकायचा, पूर्ण तक्ता मिळतो. नागरिकत्वासाठी बी-१ ची परीक्षा लागते, तिथपर्यंत एवढं पुरतं. एवढ्यात ज्याच्या वाटेला जाऊ नये ती गोष्ट म्हणजे दोन हा आकडा. दोन कुत्रे "द्वा", दोन बायका "द्व्ये", दोन पुरुष "द्वाय" किंवा "द्वुख", दोन पोरं "द्वोये", आणि या प्रत्येकाला परत विभक्ती. मी अजून हात घातलेला नाही. दोन बाप्ये मोजायची वेळ आली की मी सरळ बोट दाखवतो आणि म्हणतो "तेन पान इ ताम्तेन पान", हा दादा आणि तो दादा, आणि आजपर्यंत तरी काम भागलंय.